कोलेस्टेरॉलची गोळी आणि तिच्या शेजारच्या गोळ्या

पावसाळा लागला की वसई-विरार पट्ट्यात गजकर्णाचे पेशंट वाढतात. दमट हवा, नीट न वाळलेले कपडे, विरार लोकलच्या गर्दीत तासभर घामाने अंगाला चिकटलेली पँट. जांघेत, कमरेला, काखेत गोल चट्टे उठतात. आधी मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबा चोळून ते आणखी चिघळवले जातात आणि मग त्वचेचे डॉक्टर इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल लिहून देतात. कधी काही आठवडे, चिवट असेल तर त्याहून जास्त. औषध गुणकारी आहे, तक्रार त्याच्याबद्दल नाही. पण तोच माणूस रात्री जेवणानंतर कोलेस्टेरॉलची गोळी घेत असेल तर गोष्ट बदलते. आणि ती घेतो हे तो बहुधा सांगत नाही. “दुसरा काही आजार?” असे डॉक्टरांनी विचारले की उत्तर येते, “नाही डॉक्टर, फक्त बीपीची आणि ती रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.”

ती ‘रक्त पातळ करायची गोळी’ पुष्कळदा ॲस्पिरिन आणि स्टॅटिन, म्हणजेच कोलेस्टेरॉलची गोळी, यांची जोडगोळी असते. सिमवास्टॅटिन आणि ॲटॉरवास्टॅटिन या स्टॅटिनचा निचरा करणारे एक एन्झाइम यकृतात आणि आतड्यात असते. इट्राकोनॅझोल नेमके त्यालाच अडवते. निचरा थांबला की रोजचीच गोळी रक्तात कित्येक पटींनी साचते आणि स्नायूंवर उठते. म्हणून सिमवास्टॅटिन आणि इट्राकोनॅझोल एकत्र घ्यायचेच नाहीत, आणि ॲटॉरवास्टॅटिन चालू ठेवायचे असेल तर कमी मात्रेत, असा नियम आहे. रोसुवास्टॅटिन या वाटेने फारसे जात नाही, त्यामुळे डॉक्टर तेवढ्या काळापुरती गोळी बदलून देऊ शकतात किंवा थांबवू शकतात. पण त्यासाठी ती चालू आहे हे त्यांना कळायला हवे.

स्टॅटिनची भीती आपल्याकडे भरपूर आहे. ‘लिव्हर खराब होते’, ‘एकदा सुरू केली की सुटत नाही’, ‘शुगर लागते’, ‘कंपन्यांचा धंदा आहे’. यातल्या काहींत तथ्याचा अंश आहे, काहींत तोही नाही. माझ्या मते भीती चुकीच्या जागी बसली आहे. ही गोळी एकटी असताना सहसा त्रास देत नाही. धोका येतो तो तिच्या शेजारी कुठली गोळी बसली आहे त्यातून, आणि कोणालाही न सांगता ती बंद केल्यातून.

स्टॅटिनचा जन्म बुरशीतून झाला. जपानच्या सांक्यो कंपनीतले जैवरसायनशास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७१ साली शोध सुरू केला. त्यांचा तर्क असा होता: काही बुरशा आपल्या शत्रूजंतूंना रोखण्यासाठी कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ तयार करण्याची प्रक्रियाच अडवत असतील. सुमारे सहा हजार बुरशा तपासल्यावर क्योटोतल्या एका धान्यदुकानातल्या तांदळावर वाढलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत त्यांना हवे ते सापडले. हे पहिले स्टॅटिन, कॉम्पॅक्टिन. एंडो ५ जून २०२४ रोजी नव्वदाव्या वर्षी वारले. नोबेल त्यांना मिळाले नाही. अमेरिकेतल्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना कोलेस्टेरॉलच्या नियमनाच्या शोधाबद्दल ते १९८५ मध्ये मिळाले. एंडोंच्या वाट्याला २००८ चा लास्कर पुरस्कार आला.

कॉम्पॅक्टिन पहिल्यांदा दिले गेले १९७८ मध्ये, ओसाकाचे डॉक्टर अकिरा यामामोतो यांच्याकडे आलेल्या एका अठरा वर्षांच्या मुलीला. तिला आईवडील दोघांकडूनही अतिकोलेस्टेरॉलचा वारसा मिळाला होता. कोलेस्टेरॉल उतरले, पण मोठ्या मात्रेमुळे स्नायू अशक्त झाले. औषध थांबवल्यावर ती सावरली. यामामोतोंनी औषध मात्र टाकून दिले नाही. पुढच्या रुग्णांना मात्रा कमी करून दिले आणि ते चालले. स्टॅटिन सुरक्षित कसे घ्यावे याचा सगळा धडा त्या पहिल्याच पेशंटमध्ये आहे: स्नायूंवर लक्ष, मात्रेवर लक्ष, आणि त्रास झाला म्हणून औषधच कायमचे बाद न करणे.

गोळी काय करते ते थोडक्यात. आपल्या रक्तातले बरेचसे कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, शरीरच ते तयार करते. यकृतातल्या या कारखान्याच्या एका पायरीवर स्टॅटिन बसते. कोलेस्टेरॉल कमी पडू लागले की यकृत आपल्या पृष्ठभागावरचे एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) पकडणारे हात वाढवते आणि रक्तातले एलडीएल ओढून घेते. वसईत कोणी कोळंबी आणि सोडे सोडून वर्ष काढतो आणि तरी रिपोर्ट हलला नाही म्हणून चिडतो, त्याचे उत्तर इथे आहे. कोळंबीत कोलेस्टेरॉल असते, पण एलडीएल चढवणारी संपृक्त चरबी फार थोडी. ती चरबी असते तुपात, लोण्यात, वनस्पती तुपाच्या खारी-बटरमध्ये, चरबीवाल्या मटणात, पोर्कमध्ये आणि, इथे रोष पत्करून लिहितो, खोबऱ्याच्या वाटणातही. पथ्य करावेच. पण पथ्याने जेवढे उतरते त्याहून जास्त उतरवायची गरज असेल तर गोळी लागते, आणि तसे असणे हे पेशंटच्या जिभेचे पाप नव्हे.

गरज कोणाला? हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी, बायपास किंवा मेंदूचा झटका होऊन गेलेल्यांसाठी प्रश्न जवळपास मिटलेला आहे. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या अभ्यासात सिमवास्टॅटिनने मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी झाले, आणि तिथून वाद बराच शमला. झटका न आलेल्यांच्या बाबतीत डॉक्टर नुसता आकडा पाहत नाहीत. वय, बीपी, मधुमेह, तंबाखू, मूत्रपिंड, घरातला इतिहास असा सगळा हिशेब करतात. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने जुलै २०२४ मध्ये भारतीयांसाठी पहिल्यांदा स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत कमी जोखमीच्या माणसाचे एलडीएल १०० मिलिग्रॅमच्या खाली, मधुमेह किंवा रक्तदाबासारखी जोखीम असलेल्याचे ७० च्या खाली, आणि झटका येऊन गेलेल्याचे ५५ च्या खाली असावे असे म्हटले आहे. म्हणजे लॅबच्या कागदावर ‘नॉर्मल’ छापलेला ९५ हा आकडा अँजिओप्लास्टी झालेल्या माणसासाठी नॉर्मल नसतो. आणि तपासणीसाठी बारा तास उपाशी राहायची सक्तीही आता बहुतेकांना उरलेली नाही.

“मी तर बारीक आहे, मला कसले कोलेस्टेरॉल?” हेही नेहमीचे. त्यावर पुण्याचे एक छायाचित्र पाहण्यासारखे आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच जोडफोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. भारतीय शरीर बारीक दिसूनही आतून चरबीदार असू शकते, हे याहून कमी शब्दांत कोणी सांगितलेले मला माहीत नाही. वजनकाट्यावर विसंबू नये, रक्त तपासावे.

आता दुखण्याकडे वळू, कारण बहुतेक जण तिथेच गोळी सोडतात. पोटऱ्या दुखतात, पायात गोळे येतात, अंग मोडून येते. हे खरे असते का? दुखणे खरे असते, पण दोष बहुधा गोळीचा नसतो. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजने याची सुंदर परीक्षा घेतली. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या: चारांत ॲटॉरवास्टॅटिन, चारांत तशीच दिसणारी नकली गोळी, चार रिकाम्या. कुठल्या महिन्यात कुठली बाटली उघडायची ते ठरवून दिलेले. पण गोळीच्या महिन्यात ती असली आहे की नकली हे त्यांना कळत नव्हते. रोज त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. रिकाम्या महिन्यात सरासरी ८ गुण आले, स्टॅटिनच्या महिन्यात १६.३, आणि नकली गोळीच्या महिन्यात १५.४. म्हणजे गोळी घेतोय या जाणिवेनेच जवळपास सगळा त्रास होत होता. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झाले. आपला स्वतःचा तक्ता पाहून त्यांतल्या निम्म्या लोकांनी पुन्हा स्टॅटिन सुरू केले. याचा अर्थ पेशंट नाटक करतो असा लावणाऱ्या डॉक्टरांनी तो अभ्यास पुन्हा वाचावा. नकली गोळीच्या महिन्यातले दुखणेही त्यांना दुखतच होते.

खरा स्नायूंचा त्रास मात्र असतो, आणि तो ओळखता यायला हवा. तो गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही आठवड्यांत-महिन्यांत येतो, बहुधा दोन्ही बाजूंना सारखा, मांड्या, नितंब, खांदे अशा मोठ्या स्नायूंत. दुखण्यापेक्षा अशक्तपणा जास्त महत्त्वाचा. भारतीय पद्धतीच्या संडासातून उठताना हात टेकावा लागतो, नालासोपारा स्टेशनचा जिना एरवी सहज चढणारा माणूस कठड्याला धरून चढतो. एकाच गुडघ्यातली कळ हे स्टॅटिनचे लक्षण सहसा नसते. आणि लघवी काळ्या चहासारखी किंवा कोलासारखी झाली, सोबत अंग फार दुखतेय, गळून गेल्यासारखे वाटतेय, तर गोळी तिथेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. स्नायू फुटून त्यातला पदार्थ मूत्रपिंडात जात असल्याची ती खूण असू शकते. हे अतिशय विरळा आहे. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या मोठ्या आढाव्यानुसार दहा हजार लोकांना परिणामकारक मात्रेत पाच वर्षे स्टॅटिन दिले तर साधारण पाच जणांना स्नायूंचा गंभीर विकार होतो. तेच दहा हजार जण आधीच हृदयविकार असलेले असतील तर त्यांतल्या सुमारे एक हजार जणांचे झटके व तत्सम प्रसंग टळतात. हिशेब ज्याचा त्याने करावा.

एक गोष्ट सुरुवातीलाच तपासून घ्यावी: थायरॉईड. थायरॉईड मंद असेल तर कोलेस्टेरॉल वाढते आणि स्नायूही दुखतात. थायरॉईडची गोळी सुरू केल्यावर कोलेस्टेरॉल आपोआप उतरते असे पुष्कळदा दिसते. अशा माणसाला आधी स्टॅटिन दिले तर दुखणे वाढते आणि नाव गोळीचे खराब होते. यकृताची तपासणीही सुरुवातीला एकदा करतात. दर तीन महिन्यांनी ती करत बसायची गरज नाही. अमेरिकेच्या औषध नियामकांनी ती नेहमीची सूचना २०१२ मध्येच काढून टाकली. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ लिहून आले म्हणून स्टॅटिन बंद करणे हे तर उलटेच काम, कारण फॅटी लिव्हरच्या पेशंटला हृदयाचा धोका जास्त असतो. रोज बाटली रिचवणाऱ्याने मात्र डॉक्टरांपासून ते लपवू नये.

साखरेबद्दलची कुजबुज खरी आहे, पण अर्धवट. वरच्या त्याच दहा हजारांत पाच वर्षांत पन्नास ते शंभर जणांना नव्याने मधुमेह लागतो. हे बहुतेक आधीच उंबरठ्यावर असलेले लोक असतात. झटका टळण्याचा फायदा त्याहून बराच मोठा असल्याने डॉक्टर गोळी चालू ठेवतात आणि साखर तपासत राहतात. आपणही तेच करावे.

पुन्हा शेजाऱ्यांकडे येतो. २००१ च्या ऑगस्टमध्ये सेरिवास्टॅटिन हे स्टॅटिन जगभरातून मागे घेतले गेले. स्नायू फुटून झालेले ५२ मृत्यू त्याच्याशी जोडले गेले होते. मेलेल्यांपैकी बरेच जण सोबत जेमफायब्रोझिल हे ट्रायग्लिसराइडचे औषध घेत होते. आजही जेमफायब्रोझिल आणि स्टॅटिन एकत्र टाळतात. गरज पडली तर फेनोफायब्रेट वापरतात. खोकल्या-तापासाठी दिलेली क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके सिमवास्टॅटिन व ॲटॉरवास्टॅटिनचा निचरा तसाच अडवतात, ॲझिथ्रोमायसिन त्या मानाने सौम्य. बीपीच्या ॲम्लोडिपिनसोबत सिमवास्टॅटिन २० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, आणि ॲम्लोडिपिन तर आपल्याकडे घरोघरी आहे. क्षयाच्या उपचारातले रिफाम्पिसिन उलट वागते, स्टॅटिनचा असर कमी करते. आम्लपित्तासाठी ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचे पातळ अँटासिड पिणाऱ्यांनी रोसुवास्टॅटिननंतर दोन तास थांबून ते प्यावे.

फळांत मुख्य शत्रू ग्रेपफ्रूट. ते इथे कोण खातो म्हणाल, तर गणपतीच्या सुमारास बाजारात येणारे पपनस हे त्याचे पूर्वज. ग्रेपफ्रूट हा पपनस आणि संत्र्याचा संकर आहे आणि अमेरिकेचे नियामक पपनसाचाही इशारा देतात. सिमवास्टॅटिन किंवा ॲटॉरवास्टॅटिन चालू असेल तर प्रसादाच्या चार फोडींनी काही आकाश कोसळत नाही, रोज अख्खे फळ मात्र खाऊ नये. रोसुवास्टॅटिनवाल्यांना ही अडचण नाही. ‘नैसर्गिक’ म्हणून लाल यीस्टच्या तांदळाच्या कॅप्सूल विकत घेणाऱ्यांनी एवढे जाणावे की त्यातले काम करणारे द्रव्य लोवास्टॅटिनच असते, फक्त किती ते बाटलीवरून कळत नाही.

जोडगोळ्यांचा घोळ हा खास भारतीय. इकोस्प्रिन एव्हीसारख्या कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन आणि ॲटॉरवास्टॅटिन दोन्ही असतात. काही कॅप्सूलमध्ये रोसुवास्टॅटिन, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल तिन्ही. एक गोळी कमी होते हा फायदा खरा. पण विरारचे फॅमिली डॉक्टर, ऑफिसजवळचे अंधेरीचे डॉक्टर आणि अँजिओप्लास्टी केलेले मुंबईचे हॉस्पिटल अशी तीन ठिकाणची कागदपत्रे असली की एकाची कॅप्सूल चालू असताना दुसऱ्याची साधी ॲटॉरवास्टॅटिनही चालू राहते आणि मात्रा दुप्पट होते. उलटा घोळ दाताच्या दवाखान्यात होतो. दाढ काढण्याआधी कोणीतरी सांगते, रक्त पातळ करायची गोळी बंद करा. पेशंट कॅप्सूल बंद करतो, त्यासोबत स्टॅटिनही बंद होते, आणि दाढ निघून महिना झाला तरी कोणी ती पुन्हा सुरू करत नाही. स्टेंट असलेल्याने तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीच बंद करू नये.

मात्रेबद्दल एक बारकावा. रोसुवास्टॅटिन आशियाई लोकांच्या रक्तात गोऱ्यांच्या तुलनेत साधारण दुप्पट चढते, आणि ज्या चाचणीत हे दिसले तिच्यात भारतीय वंशाचे लोकही होते. म्हणून अमेरिकेत आशियाई रुग्णांना ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करायला सांगतात. झटक्यानंतर २० लिहून दिली असेल तर ती आपल्या मनाने अर्धी करू नका, कारण ती मात्रा जाणूनबुजून दिलेली असते. पण साध्या वाढलेल्या कोलेस्टेरॉलसाठी पहिल्याच दिवशी ४० मिळाली तर कारण विचारायला हरकत नाही. मात्रा दुप्पट केली तरी एलडीएल जेमतेम आणखी सहा टक्के उतरते; त्यामुळे मात्रा वाढवत नेण्याऐवजी एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचे दुसरे औषध जोडणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

वेळेचा बाऊ नको. सिमवास्टॅटिन शरीरात कमी टिकते म्हणून रात्री घेतात. ॲटॉरवास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन दिवसभर टिकतात, सकाळी घेतली तरी चालते. पहाटे पाचची लोकल पकडणाऱ्याने रात्री पेंगत विसरण्यापेक्षा सकाळी चहाबरोबर घ्यावी. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

बाळाचा विचार करणाऱ्या स्त्रियांनी आधीच डॉक्टरांशी बोलून गोळी थांबवावी. स्तनपान करताना ती घेत नाहीत.

आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी बंद करणाऱ्यांसाठी: तो रिपोर्ट गोळीमुळे चांगला आला आहे. बंद केल्यावर काही आठवड्यांत एलडीएल जुन्या जागी परत जाते. डेन्मार्कमध्ये स्टॅटिन सुरू केलेल्या पावणेसात लाख लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लवकर सोडणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण २६ टक्क्यांनी जास्त आढळले. आणि स्टॅटिनविरोधी बातम्या छापून आल्या की सोडणारे वाढत, हेही त्यातच दिसले. महाग पडते म्हणून सोडत असाल तर जनऔषधी केंद्रात जेनेरिक ॲटॉरवास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन बरीच स्वस्त मिळते. दुखते म्हणून सोडत असाल तर मात्रा, गोळीचा प्रकार किंवा दिवसाआड घेण्याची पद्धत असे बरेच मार्ग डॉक्टरांकडे आहेत. सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर चार ते बारा आठवड्यांत एलडीएल पुन्हा तपासून घ्या. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना, तो दातांचा असो वा गजकर्णाचा, घरातल्या सगळ्या चालू गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या आणि टेबलावर मांडा.